रोल संपवायला काढलेला फोटो

"सगळेच छान आलेत मॅडम," अंबिका म्हणाली, "पण डोळे उघडे असलेला एखादा नाही का?"

नीलिमाने स्टुडिओच्या काउंटरवर उत्तमचे फोटो पत्त्यांसारखे मांडले होते. उत्तम माइकसमोर, उत्तम कानावर हात ठेवून, उत्तम घामाने निथळत, आणि प्रत्येक फोटोत उत्तमचे डोळे मिटलेले. ते दाखवताना तिला मनातून अभिमान वाटत होता आणि त्या अभिमानाची लाजही वाटत होती, कारण समोर उभ्या असलेल्या बाईचा नवरा गेल्या आठवड्यात कामावर छातीत कळ येऊन गेला होता. रविवारी त्याचं पुण्यानुमोदन होतं, बौद्ध रीतीने करायचा स्मरणाचा कार्यक्रम. त्या वेळी टेबलावर ठेवायला एक मोठा फोटो हवा, एवढंच मागायला अंबिका आली होती. भाईंदर पूर्वेच्या भीमगीतांच्या पार्टीत उत्तम मुख्य गायक आणि ती मागे कोरसमध्ये. नीलिमा त्या दोघांना बरीच वर्षं ओळखत होती, म्हणजे खरं तर उत्तमला ओळखत होती. अंबिकाला तिने आज पहिल्यांदा जवळून बघितलं.

"हे गेले तेव्हाही मिटलेलेच होते," अंबिका फोटोंवरून नजर न उचलता म्हणाली. "तेच परत टेबलावर ठेवायचं, कसं वाटेल सांगा. आमची सान्वी म्हणते, पप्पांनी एकदा तरी बघितलं पाहिजे ना आपल्याकडे."

"घरी नाही का एखादा?"

"लग्नातले आहेत, त्यात मिटलेले. इलेक्शन कार्डावर मिटलेले. त्यांचं ते तसंच होतं. फ्लॅश म्हटला की डोळे बंद." अंबिका जराशी हसली. "वेल्डिंगवाला माणूस ना. एका हाताने ग्रिल धरायची, दुसऱ्या हातात रॉड, मग डोळ्यांपुढे काच धरायला तिसरा हात कुठून आणणार? ठिणगी पडायच्या आधीच मिटून घ्यायचे. सवयच लागली. तरी रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, मी बटाट्याच्या चकत्या ठेवायचे. आणि तुमच्या वेळेला तर आधीपासूनच तयार असायचे. म्हणायचे, ही मॅडम डोळे मिटल्याशिवाय बटण दाबत नाही, आणि बटण दाबल्याशिवाय स्टेजवरून खाली उतरत नाही. दोन ओळी मिटून गातो, त्यांचं काम होऊन जाऊ दे."

हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. नवऱ्याचा चांगुलपणा सांगावा तसं सांगितलं होतं. "बघते मी, जुने रोल बघते," असं काहीतरी ती बोलली आणि अंबिका पदर सावरून गेली. नीलिमाने मान वर केली नाही, कारण वर केली असती तर समोरच्या भिंतीवरचा उत्तम दिसला असता. तो फोटो एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत अर्धं पान भरून छापून आला होता आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘तल्लीन’ असं तिनेच दिलेलं नाव होतं. त्याला बक्षीस मिळालं होतं. त्याच फोटोच्या जोरावर मुंबईच्या एका गॅलरीने तिला पुढच्या महिन्यातल्या तारखा दिल्या होत्या. सगळे गाणारे, वाजवणारे, रस्त्यावरचे, मांडवातले, स्टेजवरचे, आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले. प्रदर्शनाचं नाव ‘आतला सूर’. आतला सूर! आता ते शब्द आठवून तिला कानशिलं तापल्यासारखी वाटली. दोन ओळी मिटून गातो, त्यांचं काम होऊन जाऊ दे.

या स्टुडिओत लहानपणापासून तिने एकच वाक्य ऐकलं होतं. हलू नका, डोळे उघडे ठेवा. तिचे वडील राजापूरकडून आलेले, भाईंदरला मिठागरं जास्त आणि माणसं कमी होती तेव्हा त्यांनी हा गाळा घेतला. काळ्या कापडाखालून त्यांचा आवाज यायचा, डोळे उघडे ठेवा, आणि समोरची माणसं डोळे इतके उघडे ठेवायची की पोलिसाने पकडल्यासारखी दिसायची. नवरा-बायको, नोकरीला लागलेली मुलं, पासपोर्टवाले, सगळे एकाच घाबरलेल्या चेहऱ्याचे. वडिलांचा स्वतःचा फोटोही कोपऱ्यात तसाच टांगलेला आहे, डोळे विस्फारलेला, हार घातलेला. तिला त्या सगळ्याची चीड होती. कॅमेरा हातात आल्यावर तिने ठरवलं होतं की आपण माणूस कॅमेऱ्याकडे बघत असताना काढायचा नाही, माणूस स्वतःत असताना काढायचा. पहिल्यांदा उत्तमला बघितलं ते नवघरच्या मैदानातल्या संध्याकाळच्या कार्यक्रमात. ढोलकी चढत गेली, उत्तमने सूर वर नेला आणि डोळे मिटले, आणि तिने बटण दाबलं. की तिने आधी फ्लॅशचा कॅमेरा वर केला आणि मग त्याने मिटले? आता कितीही आठवलं तरी तो क्रम लागेना. आणि लागणार तरी कसा? बटण दाबलं की कॅमेऱ्यातला आरसा उचलला जातो आणि डोळ्यापुढे क्षणभर काळोख होतो. जो क्षण फोटोत येतो तेवढाच नेमका काढणाऱ्याला दिसत नाही. हे तिला कॅमेरा शिकली तेव्हापासून माहीत होतं, पण त्याचा असा अर्थ तिने कधी काढला नव्हता.

"मॅडम, टेन्शन कशाला घेता?" तिचा मदतनीस दिपेश आतून म्हणाला. पूर्वी जिथे डार्करूम होती तिथे आता त्याचा कॉम्प्युटर होता. खुर्ची वळवली की भिंतीतून अजून केमिकलचा आंबट वास यायचा. "आँखें लावून देतो ना. पाच मिनिटांचं काम. मय्यतचे फोटो सगळे असेच करतो आपण."

ते खरं होतं. कॉम्प्युटरमध्ये ‘डोळे’ नावाचं एक फोल्डरच होतं. कोट होते, टाय होते, नऊवारीतलं धड होतं, आणि डोळे होते, वयाप्रमाणे लावलेले. कुणाकुणाचे, कधी घेतलेले, ते दिपेशलाही ठाऊक नव्हतं. त्याने ‘तल्लीन’ उघडला आणि उत्तमच्या पापण्यांवर एक जोडी बसवली. माइकसमोर एक बँकेतला माणूस उभा राहिला. दुसरी जोडी बसवली, तर उत्तम कुणावर तरी संशय घेतोय असं वाटायला लागलं. तिसऱ्या जोडीला दिपेश स्वतःच हसला आणि मग नीलिमाचा चेहरा बघून त्याने ती काढून टाकली. "भावाचे आणा ना कुणाचे," तो म्हणाला. "ढोलकीवाला समाधान त्याचाच भाऊ आहे ना? त्याचा एक फोटो काढू, बराबर बसतील."

"राहू दे," नीलिमा म्हणाली. "बंद कर ते."

सवयीने बॅग खांद्याला लावून ती बाहेर पडली. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. पाय तिला इंडस्ट्रियल इस्टेटच्या गल्लीत घेऊन गेले, जिथे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आणि ग्रिलवाले एकमेकांना चिकटून आहेत आणि सगळी गल्ली पॉलिशच्या काळ्या पाण्यात उभी असते. उत्तमचा गाळा यातलाच कुठला तरी. त्याचा पत्ता तिने कधी विचारला नव्हता. तो दिवसा काय करतो हे तिला माहीत होतं, म्हणजे पुरवणीत छापायला तिने एक ओळ लिहूनही दिली होती, दिवसभर लोखंड जोडणारा हात रात्री सूर जोडतो, अशी काहीतरी. ओळ छान होती. पण लोखंड जोडतो म्हणजे त्याच्या डोळ्यांचं काय होतं, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. एका दारात एक माणूस उकिडवा बसून खिडकीची जाळी जोडत होता. त्याने रॉड टेकवला, निळा-पांढरा उजेड फुटला आणि नीलिमाचे डोळे आपोआप गच्च मिटले. मिटलेल्या डोळ्यांसमोर एक हिरवा ठिपका तरंगत राहिला. आत्ता कुणी आपला फोटो काढला असता, तर आपण केवढ्या तल्लीन दिसलो असतो, असं तिच्या मनात आलं. तिला हसू आलं. तो माणूस तिच्याकडे बघत होता. "काय पायजे?" तो म्हणाला. काही नको म्हणून ती पुढे चालायला लागली. ठिपका बराच वेळ बरोबर होता. तो कधी रिक्षावर बसला, कधी भाजीच्या गाडीवर.

बाकीच्यांचं तरी खरं असेल, असं तिने वाटेत स्वतःला समजावलं. एक माणूस भिडस्त होता म्हणून सगळेच तसे थोडेच असणार? नया नगरमधले कव्वाल, जैन मंदिराच्या पायरीशी पेटी वाजवणारा म्हातारा, उत्तनच्या लग्नातले बँडवाले, त्यांना काय पडलीय माझ्या बटणाची? शांती नगरला ती घरी जायला वळली तर सेक्टरच्या कोपऱ्यावर वरात अडकली होती. घोडी, रिक्षा आणि स्कूलबस यांचा गुंता झाला होता आणि मधोमध बँड उभा होता. ट्रंपेटवर बंटी होता. बंटी तिच्या प्रदर्शनातला तिसरा फोटो. आकाशाकडे तोंड, गाल फुगलेले, डोळे मिटलेले. ती पानवाल्याच्या आडोशाला उभी राहिली आणि कॅमेऱ्याशिवाय बघायला लागली. बंटीचे डोळे सताड उघडे होते. तो वाजवता वाजवता वरच्या केबलच्या वायरी बघत होता, घोडीचे मागचे पाय बघत होता, क्लॅरिनेटवाल्याला भुवयांनी काहीतरी सांगत होता, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतली बाई बघत होती तर तिलाही बघत होता. सूर एकदाही हलला नाही. एवढं सगळं बघत माणूस इतकं छान वाजवू शकतो, हे तिला नवीनच होतं. तिला त्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मग बंटीला ती दिसली. तो दोन पावलं पुढे आला, ट्रंपेट वर केला, मान मागे टाकली आणि डोळे मिटले. तसाच वाजवत राहिला. थोड्या वेळाने त्याने एक डोळा किलकिला केला. कडवं संपल्यावर ट्रंपेट खाली करून म्हणाला, "हो गया, मॅडम?"

"कॅमेरा बाहेर नाही काढला मी."

"मैं तो दे रहा था, वो पेपरवाला पोज." तो ओठ पुसत हसला. "उत्तमभाईने ही सिखाया था. बोले, आँखें बंद कर, मॅडम जल्दी छोड़ देंगी." मग त्याचा चेहरा उतरला. "सुना उनका. बहुत बुरा हुआ." गुंता सुटला, घोडी हलली आणि तो वाजवत पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माळ्यावरच्या निगेटिव्हच्या पेट्या खाली काढल्या. डिजिटल घेतल्यापासूनचं तिने आधीच बघून टाकलं होतं, तिथे आशा नव्हती. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. काळे केस उजळ, उजेड काळा, आणि माणसाची बुबुळं म्हणजे दोन बारीक उजळ ठिपके. प्रकाशाच्या पेटीवर ती पट्ट्यांमागून पट्ट्या ठेवत गेली आणि ते ठिपके शोधत राहिली. उत्तम होता, पुष्कळ होता, आणि ठिपके नव्हते. आपण काहीतरी फेकून दिलं असेल, चुकून आलेलं एखादं उघड्या डोळ्यांचं, असं तिला वाटत होतं. पण तिने काही फेकलंच नव्हतं. तिने मुळात दाबलंच नव्हतं. त्याचे डोळे उघडे असत तेव्हा ती वाट बघत असायची. इतक्या वर्षांत त्या माणसाने आपल्याकडे किती वेळा बघितलं असेल, आणि आपण बोट बटणावर ठेवून त्याची नजर संपायची वाट बघत बसलो. दिपेशने चहा आणून ठेवला. तिने तो प्यायला नाही. रविवारपर्यंत अंबिकाला काय सांगायचं, हे ती मनात जुळवत होती. मॅडम म्हणवून घेणाऱ्या बाईला एका माणसाचे डोळे सापडत नाहीत, हे कोणत्या शब्दांत सांगतात?

ठिपके सापडले ते एका रोलच्या अगदी शेवटच्या चौकटीत. दिवसाची मिरवणूक, टेम्पोवर पार्टी, कडक ऊन. त्या दिवशी फ्लॅशची बॅटरी गेली होती, तेही तिला आठवलं. चौकटीच्या मधोमध अंबिका होती. उत्तमचा घसा बसला म्हणून एका गाण्यापुरता माइक तिच्याकडे गेला होता. नीलिमाने तो फोटो अंबिकाचा म्हणून काढलाच नव्हता. रोल संपवायला काढला होता. एकच फोटो उरला होता, तो कशावरही उडवायचा, रोल गुंडाळायचा आणि उत्तम परत माइक घ्यायच्या आत नवा भरायचा, एवढाच हिशोब. बटण तिने बहुतेक नीट न बघताच दाबलं. त्यामुळे कडेला उत्तमही आला होता. हातात पाण्याची बाटली, एक कान चौकटीबाहेर गेलेला, माइक धरलेला अंबिकाचा हात त्याच्या हनुवटीवरून आडवा आलेला. आणि डोळे उघडे. कॅमेरा आपल्यावर नाही याची खात्री असलेल्या माणसाचे. ते अंबिकाकडे बघत होते.

"कट करून देतो," दिपेश स्कॅन मोठा करत म्हणाला. "भाभीला काढायचं, हाथ साफ करायचा, हनुवटी दुसऱ्या फोटोतली बसवायची. कान पण." नीलिमाने पडद्यावर अंबिकाच्या जागी बोट ठेवून बघितलं. बोटाआड ती गेली आणि उत्तम नुसताच कुठेतरी बघायला लागला, विसरल्यासारखा. बोट उचललं की परत तिच्याकडे. "काही काढू नको," ती म्हणाली. "आहे तसा मोठा कर."

अंबिका समाधानला घेऊन आली. बराच वेळ तिने काउंटरवरचा फोटो नुसता बघितला. नीलिमाने मनात काय काय धरलं होतं, प्रेमाने बघतोय, कौतुकाने बघतोय, आणि तसं अंबिकाने म्हणावं म्हणून ती थांबली होती. अंबिकाला एकदम हसू फुटलं.

"मी ओळ चुकले होते हो! दुसरं कडवं सोडून तिसरंच घेतलं. बघा ना कसे बघतायत. घरी चल, मग सांगतो तुला." हसता हसता तिचा आवाज फुटला. तिने पदर तोंडाला लावला आणि ती तिथेच स्टुलावर बसून रडली. "असेच बघायचे," ती म्हणाली. "शंभर वेळा बघितलंय असं माझ्याकडे."

समाधान अस्वस्थपणे उभा होता. "पण वहिनी, तुम्ही आहात यात. हार घालायचा म्हणजे तुम्हालाही पडणार. जिवंत माणसाला कसा घालायचा? लोक काय म्हणतील?"

"आपण कधीपासून असलं मानायला लागलो, भावजी?" ती म्हणाली. मग तिने पुन्हा फोटोकडे बघितलं. "पण नको. हार नकोच. फुलं खाली ठेवू."

रविवारी सोसायटीच्या मोकळ्या जागेत मांडव होता. टेबलावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि त्यांच्या खालच्या बाजूला तो फोटो, हार नसलेला, समोर मेणबत्त्या आणि शेवंतीची फुलं. येणारी माणसं हात जोडायची आणि क्षणभर बावरायची, कारण फोटोत अंबिका गात होती आणि खरी अंबिका पलीकडे खुर्च्या लावत होती. सान्वी कॉलेजात जाणारी, उंच, बापासारखी रुंद कपाळाची. तिने फोटो समोरून बघितला, मग उजवीकडून. "आपल्याकडे नाही बघत आहेत, आईकडे बघतायत," ती म्हणाली, आणि मग टेबलाच्या त्या अंगाला जाऊन उभी राहिली, जिकडे ती नजर पडत होती. तिथून ती शेवटपर्यंत हलली नाही.

बौद्धाचार्यांची वंदना झाली. चार माणसं चार शब्द बोलली. मग पार्टीने साज लावला आणि माइक अंबिकाकडे आला. नीलिमाला जागा देण्यासाठी पुढची माणसं आपोआप बाजूला सरकली, कॅमेरावाली मॅडम आली म्हणून, आणि ती काही ठरवायच्या आत पुढे जाऊन उभी राहिलीसुद्धा. बॅग खांद्यावर होती. समाधानने ढोलकीवर थाप मारली. अंबिकाने पहिली ओळ घेतली, तिची नजर नीलिमावर गेली, बॅगेवर गेली, आणि तिने डोळे मिटले.

नीलिमाचा हात बॅगेच्या चेनवर गेला होता. समोरचा चेहरा तिने आजवर काढलेल्या सगळ्या चेहऱ्यांपेक्षा चांगला होता. ताणलेल्या शिरा, भिजलेल्या पापण्या, कपाळावर उन्हाची तिरीप. हे दुःखाने मिटलेत, का माझं काम होऊन जावं म्हणून? तिला कळेना. दोन्ही असेल. इतकी वर्षं हे बघून आपल्याला ओळखता येत नाही, याचं तिला वाईट वाटलं, अगदी साधं, रडू येईल असं वाईट वाटलं. तिने चेनवरचा हात काढला.

पहिली ओळ झाली, दुसरी झाली. फ्लॅश पडला नाही. तिसऱ्या ओळीला अंबिकाने डोळे उघडले आणि काय झालं म्हणून नीलिमाकडे बघितलं. नीलिमाने आपले रिकामे हात वर करून दाखवले. अंबिका क्षणभर ओळ चुकली, मग तिने ती सावरून घेतली आणि तशीच, नीलिमाकडे बघत, गात राहिली.